विंडोज दुरुस्त करताना अ‍ॅक्टिव्हेशन कसं टिकवायचं? (विंडोज ११, टॅली, ऑफिस, जुनं ऑटोकॅड)

हिशेबनीस

मंडळी, एका लहान कार्यालयातल्या लॅपटॉपबद्दल सल्ला हवा आहे. विंडोज ११ होम सिंगल लँग्वेज, लॅपटॉपसोबतच आलेलं. दर महिन्याचं अपडेट निम्म्यात अडकतं आणि ०एक्स८००७३७१२ हा एरर देऊन मागे फिरतं. स्टार्ट मेन्यूही अधूनमधून उघडत नाही. दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारा, तासाभराचं काम आहे.

अडचण अशी की त्यावर टॅलीप्राइम सिंगल यूजर, ऑफिस होम अँड स्टुडंट २०२१, कायमस्वरूपी परवान्याचं ऑटोकॅड २०१६ आणि क्विक हील आहे. सगळं विकत घेतलेलं. यातलं एकही अ‍ॅक्टिव्हेशन न गमावता विंडोज दुरुस्त होईल का?

---

निळा_पडदा

होईल, आणि फॉरमॅटची गरजही बहुधा पडणार नाही. तो एरर म्हणजे विंडोजचं कंपोनंट स्टोअर बिघडलं आहे. अपडेट ज्या मूळ फायलींवर बसायचं, त्यांतल्या काही गहाळ किंवा खराब आहेत. त्यासाठी डिस्क पुसणं म्हणजे सगळे परवाने हकनाक पणाला लावणं.

पण कुठल्याही दुरुस्तीला हात घालायच्या आधी प्रत्येक सॉफ्टवेअरचा परवाना नक्की कुठे राहतो ते लिहून काढा. तुमच्या यादीत चार वेगवेगळे प्रकार आहेत:

विंडोजचा परवाना मदरबोर्डमध्ये आणि मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर आहे. ऑफिस २०२१ मायक्रोसॉफ्ट खात्यात आहे. टॅली आणि क्विक हील कंपनीच्या सर्व्हरवर नोंदलेले आहेत, शिवाय या मशीनवर त्यांची एक फाइल आहे. ऑटोकॅड २०१६ मात्र मुख्यतः या डिस्कवरच आहे. प्रोग्रामडेटामधल्या फ्लेक्सनेट नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये. म्हणजे फॉरमॅटने सर्वात जास्त धोका ऑटोकॅडला, सर्वात कमी विंडोजला. लोक नेमकं उलट धरून चालतात.

आता तपासणी. आज्ञा इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना रोमन अक्षरांत करा. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा.

एसएलएमजीआर /डीएलआय : एक चौकट येईल. त्यात कुठलं चॅनल लिहिलंय ते बघा. ओईएम_डीएम (लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीने घातलेली) असेल तर की बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डवरच्या मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्राममध्ये आहे. रिटेल असेल तर एकतर विकत घेतलेली की आहे, किंवा जुन्या विंडोजवरून अपग्रेड होऊन मिळालेला डिजिटल परवाना आहे. त्याच चौकटीत कीची शेवटची पाच अक्षरं दिसतात. ती ३व्ही६६टी (प्रो) किंवा ८एचव्हीएक्स७ (होम) असतील तर ती तुमची स्वतःची की नव्हे, मायक्रोसॉफ्टची सर्वांना सारखी असलेली की आहे. 'की शोधून देणारी' फुकट सॉफ्टवेअरं हीच दाखवतात आणि लोक ती जपून ठेवतात. नव्या मदरबोर्डवर तिचा काही उपयोग नाही.

एसएलएमजीआर /एक्सपीआर : अ‍ॅक्टिव्हेशन कायमचं आहे की मुदतीचं, ते सांगते.

डिझम /ऑनलाइन /गेट-करंटएडिशन : नेमकी आवृत्ती. होम सिंगल लँग्वेज असेल तर इथे 'कोअर सिंगल लँग्वेज' असं येतं.

डिझम /ऑनलाइन /गेट-इंटल : सिस्टिमची मूळ भाषा. इथे 'एन-यूएस' आहे की 'एन-जीबी', हे फार महत्त्वाचं. पुढे सांगतो का ते.

या सगळ्यांचे फोटो मोबाइलवर काढून ठेवा, लॅपटॉपमध्येच सेव्ह करू नका.

---

माळरान

सेटिंग्जमधलं 'रीसेट धिस पीसी' करून 'कीप माय फाइल्स' निवडलं तर? सगळ्यात सोपं तेच वाटतं.

---

निळा_पडदा

@माळरान, नाही. त्या पर्यायाच्या नावाने खूप जण फसतात. 'फाइल्स' म्हणजे तुमची कागदपत्रं, फोटो वगैरे. प्रोग्राम एकूण एक निघून जातात. विंडोज स्वतः अ‍ॅक्टिव्ह राहील, पण टॅली, ऑटोकॅड, क्विक हील सगळं नव्याने टाकावं लागेल. डेस्कटॉपवर काढलेल्या प्रोग्रामांची यादी मिळते, बस. परवान्यांच्या दृष्टीने तो फॉरमॅटच.

हवी ती दुरुस्ती वेगळी आहे: चालू विंडोजच्या आतूनच विंडोज पुन्हा बसवायचं, प्रोग्राम आणि सेटिंग्ज जागच्या जागी ठेवून. इन-प्लेस अपग्रेड किंवा रिपेअर इन्स्टॉल म्हणतात ते. क्रम असा ठेवा:

१. आधी डिझम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ. हे कंपोनंट स्टोअर दुरुस्त करतं. इंटरनेट चालू हवं. बासष्ट टक्क्यांच्या आसपास बराच वेळ थांबतं, बंद करू नका. ते संपल्यावर एसएफसी /स्कॅननाऊ, ते विंडोजच्या खराब फायली बदलतं. क्रम उलटा करू नका, कारण एसएफसी चांगल्या फायली त्याच कंपोनंट स्टोअरमधून उचलतं. स्टोअरच खराब असेल तर ते आणणार कुठून?

२. डिझमने ०एक्स८००एफ०८१एफ दिला तर त्याला मूळ फायली सापडल्या नाहीत. आयएसओ (विंडोज बसवायच्या डिस्कची एक फाइल) जोडून /सोर्सने त्यातली इन्स्टॉल.विम दाखवता येते. पण आयएसओ तुमच्या विंडोजच्या बिल्डपेक्षा (आवृत्तीच्या नेमक्या क्रमांकापेक्षा) जुना असेल तर तोच एरर पुन्हा येतो. तिथे वेळ घालवू नका, पुढच्या पायरीवर जा.

३. सेटिंग्ज > सिस्टिम > रिकव्हरी मध्ये 'फिक्स प्रॉब्लेम्स यूझिंग विंडोज अपडेट' असं दिसतंय का बघा, समोर 'रीइन्स्टॉल नाऊ' बटण. विंडोज ११ च्या २३एच२ पासून पुढे हे मिळतं. तीच आवृत्ती पुन्हा उतरवून बसवतं. प्रोग्राम, फायली, सेटिंग्ज कायम राहतात. भाषेचा आणि आवृत्तीचा घोळ इथे होत नाही म्हणून माझी पहिली पसंती याला.

४. ते नसेल किंवा अडलं तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून आयएसओ उतरवा, डबलक्लिक करून माउंट करा, आतलं सेटअप चालवा. शेवटच्या पडद्यावर 'कीप पर्सनल फाइल्स अँड अ‍ॅप्स' असं स्पष्ट लिहिलेलं हवं. तो पर्याय फिका असेल, निवडता येत नसेल, तर तिथेच थांबा आणि रद्द करा. कारण तीनपैकी एक असतं: आयएसओची भाषा वेगळी, आवृत्ती वेगळी, किंवा बिल्ड जुना. आपल्याकडे भाषेची गफलत सर्वात जास्त. साइटवर 'इंग्लिश इंटरनॅशनल' आणि 'इंग्लिश युनायटेड स्टेट्स' असे दोन पर्याय असतात. लोक भारत म्हणून इंटरनॅशनल घेतात, आणि लॅपटॉपवर कंपनीने एन-यूएस टाकलेलं असतं. इंटरनॅशनल म्हणजे एन-जीबी.

सी ड्राइव्हवर २५ जीबी तरी मोकळी ठेवा, चार्जर लावून ठेवा, क्विक हीलचं संरक्षण तेवढ्यापुरतं थांबवा, गरज नसलेल्या यूएसबीच्या वस्तू काढा.

---

कळसूत्र

एक भर. सुरू करायच्या आधी बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचं सगळं कुलूपबंद ठेवणारं एन्क्रिप्शन बघा. होम आवृत्तीतही 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' नावाने तेच असतं, आणि बऱ्याच नव्या लॅपटॉपवर मालकाला न कळता चालू असतं. मॅनेज-बीडीई -स्टेटस या आज्ञेने कळेल. चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यात लॉगिन करून काढा आणि कागदावर लिहा. खातं कुणाचं आहे हे आधी शोधा. कार्यालयात लॅपटॉप पहिल्यांदा ज्याने उघडला त्याचं खातं असतं आणि तो माणूस नोकरी सोडून गेलेला असतो.

विंडोजच्या आतून सेटअप चालवलं तर ते एन्क्रिप्शन स्वतःच तात्पुरतं थांबवतं. पण बायोस अपडेट करणार असाल, सिक्युअर बूट किंवा टीपीएम या बायोसमधल्या सुरक्षेच्या सेटिंगला हात लावणार असाल, तर आधी मॅनेज-बीडीई -प्रोटेक्टर्स -डिसेबल सी: चालवा. नाहीतर निळ्या पडद्यावर की मागेल, आणि ती नसेल तर परवाने राहू द्या, टॅलीचा डेटाही गेला.

---

हिशेबनीस

तपासलं. चॅनल ओईएम_डीएम, भाषा एन-यूएस, ५८ जीबी मोकळी, एन्क्रिप्शन चालू. की मिळाली, लिहून ठेवली. टॅली सरेंडर करून (परवाना या मशीनवरून सोडवून) मगच सुरुवात करावी का?

---

वहीखाते

टॅलीबद्दल मी सांगतो. फॉरमॅट, डिस्क बदलणं किंवा मशीन बदलणं असेल तर आधी सरेंडर केलंच पाहिजे. एफ१ दाबून सेटिंग्जमध्ये लायसन्सच्या मेन्यूत आहे, इंटरनेट लागतं. सरेंडर न करता डिस्क पुसली की सर्व्हरच्या लेखी परवाना जुन्याच ठिकाणी चालू असतो.

सरेंडर करण्याआधी एक गोष्ट तपासा. परवाना कुठल्या ईमेलवर नोंदला आहे? पुन्हा अ‍ॅक्टिव्हेट करताना अनलॉक की त्या ईमेलवर जाते. पुष्कळ ठिकाणी विकणाऱ्याने स्वतःचा किंवा जुन्या अकाउंटंटचा ईमेल घातलेला असतो. मार्चअखेरीस हे लक्षात आलं तर पंचाईत. त्या ईमेलमध्ये आज लॉगिन होतंय का, हे बघूनच सरेंडर करा. सीरियल नंबर लिहून ठेवा.

डेटा वेगळा. नेहमीच्या बसवणीत तो सी ड्राइव्हच्या यूजर्स > पब्लिक > टॅलीप्राइम > डेटा इथे असतो. टॅलीतून बॅकअप घ्याच, शिवाय तो अख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर उचला. डेटाचा परवान्याशी संबंध नाही, परवाना गेला तरी तो एज्युकेशनल मोडमध्ये उघडून बघता येतो.

---

निळा_पडदा

@हिशेबनीस, रिपेअर इन्स्टॉल करणार असाल तर माझं मत सरेंडर नको. मशीन तेच, डिस्क तीच, प्रोग्राम तिथेच, परवान्याची फाइल तिथेच. विनाकारण सोडवून पुन्हा बांधायची गरज नाही.

---

वहीखाते

दुरुस्ती अर्ध्यात फसली आणि मशीन सुरूच झालं नाही, तर सरेंडरची संधी गेली ना. म्हणून मी आधी सोडवून ठेवतो.

---

निळा_पडदा

त्यावर उपाय डिस्कची प्रतिमा. क्लोनझिला फुकट आहे, पेनड्राइव्हवरून बूट करून अख्खी डिस्क बाहेरच्या हार्डडिस्कवर इमेज म्हणून उतरवायची. बिघडलं तर तीच परत त्याच डिस्कवर टाकली की ऑटोकॅडसकट सगळे परवाने होते तसे. ऑटोकॅडचा परवाना मुख्यतः डिस्कवरच आहे, त्यामुळे प्रतिमा घ्यावी लागणारच. ती घेतली की टॅलीचाही प्रश्न सुटला. एन्क्रिप्शन चालू असेल तर क्लोनझिला अख्खं पार्टिशन सेक्टर सेक्टर उतरवतं, म्हणून ५१२ जीबीच्या डिस्कला तेवढीच मोकळी जागा धरा.

ज्याच्याकडे प्रतिमा घ्यायला दुसरी डिस्क नाही, त्याने वहीखाते म्हणतात तसं सरेंडर करावं. हे मान्य.

---

पीळदार_तार

फ्लेक्सनेटबद्दल थोडं. नुसता तो फोल्डर कॉपी करून नव्या विंडोजवर टाकला की ऑटोकॅड चालेल, असा समज आहे. चालत नाही, कारण परवाना मशीनच्या खुणांशी बांधलेला असतो आणि त्याचे दुवे रजिस्ट्री व इतर ठिकाणीही असतात.

डिस्कचे भाग (पार्टिशन) नोंदवायच्या दोन पद्धती आहेत, जुनी एमबीआर आणि नवी जीपीटी. एमबीआर डिस्कवर तर हा परवाना पहिल्या पार्टिशनच्या आधीच्या रिकाम्या सेक्टरांतही लिहिला जातो. म्हणूनच लिनक्स सुरू करणारा ग्रब हा प्रोग्राम तिथे बसायला गेला की 'हा सेक्टर फ्लेक्सनेट वापरतंय' असा इशारा देतो. अशा मशीनवर एमबीआरचं जीपीटी करणं, किंवा फक्त पार्टिशन क्लोन करणं, यांनी परवाना तुटू शकतो. क्लोन करायचं तर अख्खी डिस्क, पहिल्या सेक्टरपासून. हिशेबनीसांचा लॅपटॉप विंडोज ११ चा, म्हणजे जीपीटी. त्यांना ही भीती नाही.

घड्याळाकडेही लक्ष ठेवा. तारीख मागे गेली की अशा परवान्यांना कुणीतरी मुदत फसवतंय असं वाटतं आणि ते बंद पडतात. डेस्कटॉप असेल तर दुरुस्तीआधी मदरबोर्डवरचा घड्याळाचा सीआर२०३२ सेल बदला. तारीख चुकीची असली की विंडोजचं ऑनलाइन अ‍ॅक्टिव्हेशनही होत नाही, कारण सर्व्हरचं प्रमाणपत्रच अवैध दिसतं.

---

माळरान

आणि विंडोज सुरूच होत नसेल तर? पेनड्राइव्हवरून बूट करून रिपेअर इन्स्टॉल होतं का?

---

कळसूत्र

नाही. बाहेरून बूट केलं की प्रोग्राम ठेवण्याचा पर्याय मिळत नाही, फक्त नवं इन्स्टॉल होतं. म्हणून आधी ते कसंबसं सुरू करायचं. पेनड्राइव्हवरून बूट, मग 'रिपेअर युअर कॉम्प्युटर', मग कमांड प्रॉम्प्ट.

आधी विंडोज कुठल्या अक्षरावर आहे ते डिस्कपार्टमधल्या लिस्ट व्हॉल्यूमने पाहा. तिथे सी बदलून डी किंवा ई झालेलं असू शकतं. मग अर्धवट अपडेटमुळे अडलं असेल तर डिझम /इमेज:डी:\ /क्लीनअप-इमेज /रिव्हर्टपेंडिंगअ‍ॅक्शन्स. बूट फायली गेल्या असतील तर ईएफआय पार्टिशनला अक्षर देऊन बीसीडीबूट. शेवटी एसएफसी, ऑफबूटडिर आणि ऑफविनडिर ही दोन्ही देऊन. यातल्या कशानेही अ‍ॅक्टिव्हेशनला धक्का लागत नाही. रजिस्ट्रीची जुनी प्रत रेगबॅक फोल्डरमधून टाका असा सल्ला अजून फिरतो, पण विंडोज १० च्या १८०३ पासून विंडोज आपणहून तिथे प्रत ठेवत नाही.

एकदा डेस्कटॉप दिसला की लगेच आतून रिपेअर इन्स्टॉल.

---

चिपलेव्हल

मदरबोर्ड दुरुस्त करणाऱ्यांसाठी लिहितो, कारण ओईएम परवाना सर्वात जास्त इथे मरतो.

विंडोज ८ पासून कंपनीची की बायोसमध्ये एमएसडीएम नावाच्या तक्त्यात असते. बायोस राहतो ८ पिनच्या फ्लॅश चिपमध्ये, २५क्यू६४ म्हणजे ८ एमबी, २५क्यू१२८ म्हणजे १६ एमबी. बोर्ड मेला, बायोस करप्ट आहे असं वाटलं की इंटरनेटवरून त्याच मॉडेलची फाइल घेऊन सरळ लिहून टाकतात. लॅपटॉप चालू होतो, पण मालकाची की, सीरियल नंबर, यूयूआयडी सगळं पुसलं जातं, किंवा दुसऱ्याच कुणाचं येऊन बसतं. मग विंडोज ०एक्ससी००४एफ२१३ दाखवतं: या मशीनवर की सापडली नाही.

म्हणून लिहिण्याआधी वाचा. बॅटरी आणि चार्जर काढा, क्लिप लावा, दोनदा डम्प (चिपमधल्या मजकुराची प्रत) घ्या आणि दोन्ही फायली ताडून पाहा. जुळल्या नाहीत तर क्लिपचा संपर्क नीट नाही, चिप सोडवून वाचा. करप्ट बायोसमध्येसुद्धा कीचा भाग बहुधा शाबूत असतो. हेक्स एडिटरमध्ये एमएसडीएम शोधा. बऱ्याच बायोसमध्ये त्याच्या पुढेच पाच-पाच अक्षरांचे पाच गट, मधल्या रेघा धरून २९ अक्षरं, साध्या डोळ्यांनी वाचता येतात. तो भाग नव्या फाइलमध्ये त्याच जागी न्यायचा.

प्रोग्रामर (चिप वाचायचं-लिहायचं उपकरण) सीएच३४१ए असेल तर चिपचा नंबर भिंगातून वाचा. डब्ल्यू२५क्यू६४एफडब्ल्यू सारख्या चिपा १.८ व्होल्टच्या असतात, त्यांना अ‍ॅडॉप्टरशिवाय लावलं की चिप जळते. काळ्या बोर्डाच्या सीएच३४१ए मध्ये तर डेटाच्या पिनांवर ५ व्होल्ट येतात, ३.३ च्या चिपेलाही ते बरं नाही.

---

माळरान

आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरने बोर्डच बदलला तर?

---

चिपलेव्हल

कंपनीकडे नव्या बोर्डात की घालण्याची पद्धत असते. लॅपटॉप ताब्यात घेतानाच काउंटरवर सेटिंग्ज > सिस्टिम > अ‍ॅक्टिव्हेशन उघडून बघा. अ‍ॅक्टिव्ह नसेल तर तिथेच थांबा, घरी आल्यावर ते सिद्ध करणं अवघड. पॉवरशेलमध्ये गेट-सिमइन्स्टन्सने सॉफ्टवेअरलायसन्सिंगसर्व्हिसमधलं ओए३एक्सओरिजिनलप्रॉडक्टकी विचारलं की नव्या बोर्डात की आहे की नाही ते कळतं. जुनी डब्ल्यूएमआयसीची आज्ञा विंडोज ११ च्या २४एच२ मध्ये बसवलेली नसते.

बाहेर बदलला असेल आणि विंडोजचा परवाना आधीच मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडलेला असेल, तर अ‍ॅक्टिव्हेशन ट्रबलशूटरमध्ये 'आय चेंज्ड हार्डवेअर' निवडून बघा. जोडणी बोर्ड बदलायच्या आधी केलेली हवी. पण ओईएम परवाना मूळ बोर्डापुरताच असतो, तो दुसऱ्यावर हलवायचा हक्क नाही. रिटेल असेल तर हलवता येतो.

---

पीळदार_तार

विंडोज ७ ची स्टिकरवरची की आता विंडोज १०-११ ला चालत नाही, हेही लक्षात घ्या. तो मार्ग मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केल्याचं जाहीर केलं. त्याआधी अपग्रेड होऊन डिजिटल परवाना मिळालेली मशीन सुरक्षित आहेत, पण बोर्ड तोच असेल तर.

---

भोसरी_टर्निंग

आमच्या भागात सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या यंत्रां)शेजारी अजून विंडोज एक्सपीची मशीन आहेत. त्यांचं काय?

---

निळा_पडदा

एक्सपीचं अ‍ॅक्टिव्हेशन सिस्टिम३२ मधल्या डब्ल्यूपीए.डीबीएल आणि डब्ल्यूपीए.बीएके या दोन फायलींत असतं. त्या कॉपी करून ठेवा. रिपेअर केल्यावर अ‍ॅक्टिव्हेशन मागितलं तर सेफ मोडमध्ये जाऊन नव्या फायलींची नावं बदला आणि जुन्या जागेवर ठेवा. हार्डवेअर तेच आणि की तीच असेल तरच चालतं. मोठ्या ब्रँडचं मशीन असेल तर ओईएमबायोस नावाच्या चार फायलीही जपा.

पण अशा मशीनवर दुरुस्ती करूच नका असं मी म्हणेन. आज चालू आहे तोवर डिस्कची प्रतिमा दोन ठिकाणी ठेवा, आणि ती दुसऱ्या डिस्कवर उतरवून मशीन त्यावर सुरू होतंय का ते एकदा पाहून घ्या.

---

अक्षरजुळणी

डीटीपीवाल्यांसाठी: श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरचं यूएसबी किंवा पॅरलल पोर्टचं लॉक (डोंगल) असेल तर परवाना लॉकमध्येच आहे, फॉरमॅटने जात नाही. जातो तो लॉकचा ड्रायव्हर. त्याचं सेटअप आधी शोधून ठेवा. रिपेअर करून विंडोजचा नवा बिल्ड आला तर जुना ड्रायव्हर कोअर आयसोलेशन या विंडोजच्या सुरक्षेच्या सोयीत अडकतो आणि 'लॉक सापडलं नाही' असं येतं, लॉक मात्र धडधाकट असतं. आधी ड्रायव्हरची नवी आवृत्ती टाकून बघा.

---

हिशेबनीस

प्रतिमा घेऊन 'रीइन्स्टॉल नाऊ' केलं. डिझमने सगळं दुरुस्त झालं म्हणून सांगितलं होतं तरी अपडेट अडतच होतं, म्हणून पुढे गेलो. आता अपडेट बसलं. विंडोज, टॅली, ऑटोकॅड अ‍ॅक्टिव्ह आहेत. ऑफिस मात्र खात्यात साइन इन करा म्हणतंय. आणि क्विक हीलचं नूतनीकरण यायचं आहे, ते काढून पुन्हा टाकायचं असेल तर?

---

कळसूत्र

ऑफिसमध्ये तुमच्या रोजच्या खात्याने नाही, ज्या खात्यात ते पहिल्यांदा नोंदलं त्याने साइन इन करा. कुठलं ते माहीत नसेल तर एकेका खात्याने मायक्रोसॉफ्टच्या साइटवर 'सर्व्हिसेस अँड सबस्क्रिप्शन्स' उघडा, जिथे होम अँड स्टुडंट २०२१ दिसेल ते. डबा किंवा कार्ड मिळालं असेल तरी त्यावरची की एकदा वापरली की खात्यालाच चिकटते, दुसऱ्यांदा टाकून उपयोग नाही.

क्विक हील काढताना दोन पर्याय येतात. 'अपडेट डेफिनिशन फाइल्स ठेवा' हा निवडलात तर परवान्याची माहितीही मशीनवर राहते. 'पूर्णपणे काढा' निवडणार असाल तर प्रॉडक्ट की आधी लिहून घ्या.

विंडोज.ओल्ड फोल्डर लगेच पुसू नका, त्यात आधीचं विंडोज असतं. मागे जायची मुदत दहा दिवसांची असते, डिझम /ऑनलाइन /सेट-ओएसअनइन्स्टॉलविंडो /व्हॅल्यू:३० ने ती तीस दिवस होते. तेवढ्यात महिनाअखेरचा हिशेब आणि ऑटोकॅडची एखादी मोठी फाइल करून बघा. जुने रिस्टोअर पॉइंट (मागच्या स्थितीत परतायच्या नोंदी) या दुरुस्तीत गेलेले असतात, सिस्टिम प्रोटेक्शन चालू आहे का ते पाहून आजच नवा पॉइंट बनवा.